सिंगापूरला सहकुटुंब जाताय? जेवायचं कुठे आणि कसं, ते असं ठरवा

सिंगापूरमधली आमची पहिली रात्र. साडेदहा वाजले होते, खोलीतले दिवे मालवले होते, आणि अंधारातून चार वर्षांच्या धाकट्याचा आवाज आला, "आई, भूक लागली." साडेसातला त्याच्यापुढे गरम भात आला होता तेव्हा त्याने तोंड फिरवलं होतं. तो हट्ट नव्हता. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. साडेसात म्हणजे त्याच्या पोटाचे संध्याकाळचे पाच आणि साडेदहा म्हणजे रात्रीचे आठ, त्याची घरची जेवायची वेळ. खालच्या मॉलमधलं फूड कोर्ट तेव्हा बंद झालं होतं. बॅगेत दशम्या होत्या, म्हणून निभावलं.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी, हा धाकटा आणि सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. नवऱ्याला मासे हवेत. मुलीला सगळं खाऊन बघायचंय, धाकट्याला तिखट चालत नाही. पाच तोंडांच्या पाच तऱ्हा. निघण्याआधी मी 'सर्वोत्तम दहा ठिकाणं' अशा याद्या जमवल्या होत्या. त्यांचा उपयोग फार थोडा झाला. खरा उपयोग झाला तो दोन प्रश्नांचा: कोणाला किती वाजता भूक लागेल, आणि त्या वेळी आपण शहराच्या कुठल्या भागात असू? पुढचं सगळं या दोन प्रश्नांवरच उभं आहे.

पायरी १ : घरी बसूनच प्रत्येकाचं 'चालतं, चालत नाही' लिहा

एका कागदावर प्रत्येकाचं नाव आणि तीन गोष्टी लिहा. काय अजिबात चालत नाही, काय हमखास खाल्लं जातं, आणि किती वेळ उपाशी राहता येतं. तिसरी गोष्ट आपण लिहीत नाही, पण परदेशात तीच सगळ्यात जास्त नडते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आजोबांना जेवण तासभर लांबलेलं चालत नाही. चार वर्षांच्या मुलाला तर अर्धा तासही जड जातो.

'शाकाहारी' हा एक शब्द लिहून थांबू नका. अंडं चालतं का? मांसाहाराच्या कढईत केलेलं चालतं का? त्याच टेबलावर कोणी मटण खाल्लेलं चालतं का? मी सासूबाईंना हे निघायच्या आधी मोकळेपणाने विचारलं. "तुम्ही शेजारी बसून खा गं, माझ्या ताटात आलं नाही म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. या एका वाक्याने आमच्या आठवड्याची आखणी सोपी केली. उत्तर वेगळं आलं असतं, तर आखणीही वेगळी करावी लागली असती. म्हणून हे आधीच विचारा. भर गर्दीत, हातात ताट धरून विचारायची ही गोष्ट नाही.

मांसाहारी मंडळींनीही 'गोमांस चालत नाही' हे स्पष्ट लिहावं. पुष्कळांचा समज असतो की हलाल पाटी दिसली की निश्चिंत. हलाल ठिकाणी डुकराचं मांस नसतं, गोमांस मात्र असू शकतं. साताय म्हणजे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे. एकाच गाडीवर चिकन, मटण आणि बीफ अशा तिन्ही काड्या शेजारी शेजारी भाजत असतात. ऑर्डर देताना मांसाचं नाव घेऊन सांगा.

पायरी २ : घरून काय न्यायचं, आणि काय चुकूनही न्यायचं नाही

दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, भाजणीची चकली, राजगिऱ्याच्या वड्या. एवढं पुरे. खोलीत पाणी तापवायची किटली बहुतेक ठिकाणी असते, त्यामुळे पोह्यांची किंवा उपम्याची 'गरम पाणी ओता' पाकिटंही कामाला येतात.

आता महत्त्वाचं. सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, कारण ती अफूच्या बोंडातलं बी आहे. म्हणजे अनारसे घरीच. डिंकाच्या लाडवात खसखस असेल तर तेही घरीच. गोडा मसाला नेणार असाल तर त्यात खसखस आहे का ते आधी बघा, बऱ्याच घरांत ती घालतात. आमच्या सासूबाईंनी नातवंडांसाठी हौसेने केलेला लाडवांचा डबा मी आदल्या रात्री बॅगेतून काढून ठेवला. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण विमानतळावर तपासणीत अडकण्यापेक्षा ते बरं. च्युइंगमही नेऊ नका, त्यावरही बंदी आहे.

पायरी ३ : मुक्काम निवडताना आधी खाली काय आहे ते बघा

आपण खोली बघतो, पोहण्याचा तलाव बघतो, 'नाश्ता समाविष्ट' बघतो. सहकुटुंब जाताना त्याआधी नकाशा उघडून मुक्कामापासून चालत सात-आठ मिनिटांच्या आत हॉकर सेंटर (एका छपराखालचे खाण्याचे लहान गाळे) किंवा फूड कोर्ट आहे का, हे बघा. दमट हवेत लहान मूल किंवा गुडघेदुखीचं माणूस बरोबर असताना चालायची खरी मर्यादा तेवढीच असते.

लिटल इंडिया आणि फॅरर पार्क, बुगिस, चायनाटाउन हे तीन भाग या दृष्टीने मला सगळ्यात सोयीचे वाटतात. शाकाहारी ज्येष्ठ बरोबर असतील तर लिटल इंडिया. सकाळी उठून खाली उतरलं की इडली-डोसा समोर, दुकानात दही आणि केळी. एवढ्याने अर्धी चिंता मिटते. रविवारी संध्याकाळी मात्र तिथे प्रचंड गर्दी होते, कारण कामासाठी आलेल्या बांगलादेशी आणि तमिळ कामगारांचा तो सुट्टीचा दिवस. त्या दिवशी संध्याकाळचं जेवण दुसऱ्या भागात ठेवा.

पायरी ४ : ठिकाणांचे प्रकार ओळखा

हॉकर सेंटर म्हणजे मोठं, चारही बाजूंनी उघडं छप्पर, त्याखाली ओळीने लहान लहान गाळे आणि मध्ये सामाईक टेबलं. पूर्वी हे विक्रेते रस्त्यावर गाड्या लावायचे. सरकारने त्यांना परवाने दिले आणि १९७० च्या दशकात व पुढे टप्प्याटप्प्याने नळ, गटार, वीज असलेल्या या बांधीव जागांत आणलं. आज शहरात अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत, आणि २०२० मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. कुटुंबासाठी याचा सगळ्यात मोठा गुण असा की एका टेबलावर पाच जण पाच गाळ्यांवरचं खाऊ शकतात. कोणालाच मन मारावं लागत नाही. एका पदार्थाला साधारण ४ ते ८ सिंगापूर डॉलर पडतात. एक डॉलर म्हणजे ७० रुपये धरून चाला, हिशोब डोक्यात होतो.

कोपीटियाम म्हणजे इमारतीच्या तळमजल्यावरचं, आठ-दहा गाळ्यांचं त्याचंच लहान रूप. मलायमध्ये कोपी म्हणजे कॉफी, चिनी बोलीत टियाम म्हणजे दुकान.

फूड कोर्ट म्हणजे मॉलमधलं वातानुकूलित हॉकर सेंटर. दर थोडे जास्त, पण पाठ टेकायला खुर्ची मिळते, बाळाची उंच खुर्ची मिळण्याची शक्यता असते आणि स्वच्छतागृह जवळ असतं. मोठ्या मॉलमध्ये बाळाला पाजायला, कपडे बदलायला वेगळी खोलीही असते. हॉकर सेंटरमधली स्टुलं बहुतेक ठिकाणी जमिनीला पक्की केलेली, गोल आणि बिनपाठीची असतात. तीन वर्षांच्या आतलं मूल त्यावर बसत नाही, घसरतं. सासूबाईंनाही वीस मिनिटांनंतर पाठ धरली. त्यामुळे आम्ही सकाळ-संध्याकाळ हॉकर सेंटर आणि भर दुपारी फूड कोर्ट असं ठरवून टाकलं. उकाडाही तेव्हाच सर्वात जास्त असतो.

उरली रेस्टॉरंटं. एखादी संध्याकाळ त्यांच्यासाठी जरूर ठेवा, पण बिलाबद्दल पुढे लिहिलंय ते आधी वाचा.

पायरी ५ : अडीच तासांचा फरक आपल्या बाजूने वळवा

पहिले दोन दिवस मुलांचं पोट भारताच्या वेळेवरच चालतं. ते मान्य करून वेळा लावल्या की भांडण होत नाही. नाश्ता तिथल्या साडेनऊ-दहाला. दुपारचं जेवण पावणेदोनच्या सुमारास. याचा एक मोठा फायदा आहे. शहराच्या मध्यभागातल्या हॉकर सेंटरांत दुपारी बारा ते दीड कचेऱ्यांमधली माणसं लोटतात, पाच जणांना एकत्र टेबल मिळणं कठीण होतं. पावणेदोनला तीच जागा रिकामी होऊ लागते. काही गाळ्यांवरचा माल तोवर संपलेला असतो हे खरं, पण मुलांना घेऊन ताटकळण्यापेक्षा ते परवडतं.

संध्याकाळी साडेसातला मुलं थोडंसंच खातील. खाऊ द्या. मागे लागू नका. त्याच वेळी रात्रीसाठी काहीतरी बांधून घ्या. तिथे 'दाबाओ' किंवा 'तापाओ' म्हटलं की बांधून देतात, डब्याचे थोडे सेंट जास्त लागतात. दूध, ब्रेड, केळी, साधं दही फेअरप्राइससारख्या दुकानात सहज मिळतं. फूड कोर्ट रात्री नऊ-दहाच्या सुमारास आवरू लागतात आणि मॉलमधली रेस्टॉरंटं त्याआधीच शेवटची ऑर्डर घेतात. आम्ही पहिल्या रात्री हेच चुकलो.

आणखी दोन गोष्टी निघण्याआधी तपासा. एक, हॉकर सेंटरं ठरलेल्या दिवशी साफसफाईसाठी बंद असतात. राष्ट्रीय पर्यावरण संस्था त्याचं वेळापत्रक आधीच जाहीर करते. शिवाय प्रत्येक गाळ्याची आपापली साप्ताहिक सुट्टी असते, सोमवारी बरेच गाळे बंद दिसतात. दोन, चिनी नववर्ष. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी या काळात येणाऱ्या या सणात चिनी गाळे काही दिवस बंद राहतात. त्या आठवड्यात गेलात तर लिटल इंडिया आणि मलाय वस्तीचे भाग हाताशी ठेवा.

पायरी ६ : नकाशावरचे अभिप्राय वाचायची पद्धत

तारे बघून ठरवू नका. पाच तारे देणारा माणूस एकटा फिरणारा तरुण असू शकतो, तासभर रांगेत उभं राहणं हा त्याच्या मौजेचा भाग असतो. आपला नसतो.

नकाशावर ठिकाण उघडा आणि अभिप्रायांच्या आतल्या शोधात 'किड्स', 'स्ट्रोलर', 'हाय चेअर', 'व्हेजिटेरियन' हे शब्द इंग्रजीत टाका. मग 'नवीन आधी' असा क्रम लावा, कारण गाळे बदलतात, मालक बदलतात. शेवटी ग्राहकांनी काढलेले फोटो बघा, मालकाने टाकलेले नव्हे. फोटोत दरफलक दिसतो, टेबलांमधली जागा दिसते, मागे एखादं मूल बसलेलं दिसतं. लिफ्ट आहे का, हेही फोटोंतूनच कळतं. चायनाटाउन कॉम्प्लेक्समधलं हॉकर सेंटर वरच्या मजल्यावर आहे. बाळाची गाडी किंवा काठी बरोबर असेल तर असं आधी माहीत असलेलं बरं.

एका दुपारी आम्ही अशाच एका गाजलेल्या गाळ्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. पस्तीस मिनिटं रांग. धाकटा खांद्यावर झोपला, मुलगी रडवेली झाली, आणि आमच्या पुढे दोन माणसं असताना माल संपल्याची पाटी लागली. शेजारच्या बिनरांगेच्या गाळ्यावर तोच पदार्थ होता. मुलांनी तो चाटूनपुसून खाल्ला. तेव्हापासून आमचा नियम झाला: मुलं बरोबर असताना रांग दहा मिनिटांपेक्षा मोठी असेल तर शेजारचा गाळा.

पायरी ७ : टेबल धरणं, ताट परत ठेवणं

टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर ते विसरलेलं नसतं. ती जागा कोणीतरी धरून ठेवलेली असते. तिथे याला 'चोप' म्हणतात. पाकीट सरकवून बसू नका. तुम्हीही तसंच करा, पण खरं तर कुटुंबाला त्याची गरज नसते. आजी आणि मुलं टेबलाशी, दोघं मोठे गाळ्यांवर. आधी टेबल, मग अन्न, हा क्रम मात्र पाळा. हातात गरम सूप घेऊन टेबल शोधत फिरणं मुलांच्या गर्दीत धोक्याचं आहे.

टेबलाला क्रमांक असतो, तो फोनवर टिपून घ्या. काही गाळे ताट आणून देतात, तेव्हा तो क्रमांक विचारतात.

खाऊन झालं की ताट, वाट्या, टेबलावर पडलेले कागदी रुमाल, सगळं उचलून ठरलेल्या मांडणीवर ठेवायचं. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरांत हे न करणाऱ्यावर कारवाई होते. आधी समज, मग दंड. मांडण्या दोन असतात, हलाल आणि बिगर-हलाल. ताटं त्यांत मिसळू नका. पाट्या स्पष्ट असतात. आमच्या मुलीने हे काम दुसऱ्याच दिवशी स्वतःकडे घेतलं. कुठली ताटं कुठल्या मांडणीवर जातात ते ती आम्हाला सांगायची.

रोख पैसे जवळ ठेवा. नवरा फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर होता. पण लहान गाळ्यांवर स्थानिक पद्धतीचं क्यूआर किंवा रोख, एवढेच पर्याय असायचे. २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा सोयीच्या. काही हॉकर सेंटरांत स्वच्छतागृहाला थोडी नाणी लागतात, तीही खिशात असू द्या.

पायरी ८ : शाकाहार, नीट विचारून

हा भाग मी सविस्तर लिहितेय, कारण इथेच आपल्या माणसांची सगळ्यात जास्त फसगत होते. फसवायचा हेतू कोणाचाच नसतो. 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थच वेगळा असतो.

दुसऱ्या दिवशी एका साध्या गाळ्यावर मी "व्हेजिटेबल फ्राइड राइस, नो मीट" सांगितलं. भात आला, गाजर, मटार, पातीचा कांदा. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला चमचा थांबवून माझ्याकडे बघितलं. भातात नखाएवढे, गुलाबी, वाळलेले तुकडे होते. सुकट. गाळेवालीच्या दृष्टीने ते 'मीट' नव्हतं, चवीचं साहित्य होतं. तिला कळलं तेव्हा तिने हात जोडून माफी मागितली. सासूबाई मात्र त्या रात्री नुसत्या दह्यावर झोपल्या. मला ते फार लागलं.

म्हणून 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. नावं घेऊन विचारा. ऑयस्टर सॉस, फिश सॉस, सुकी कोळंबी, बेलाचान म्हणजे कोळंबी आंबवून केलेली वडी, सांबाल म्हणजे मिरचीची चटणी ज्यात ती बेलाचान बहुधा असतेच, सुके मासे म्हणजे इकान बिलिस, आणि डुकराची चरबी. नासी लेमाकचा भात नारळाच्या दुधातला असतो, पण शेजारी तळलेले इकान बिलिस आणि सांबाल येतातच. चिकन राइसमधला नुसता भातही शाकाहारी नाही, तो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. प्राता, म्हणजे आपल्या पराठ्याचा तिथला पदरांचा भाऊ, स्वतः साधा असतो, पण बरोबरची आमटी माशाची किंवा मटणाची असू शकते. "प्राता कोसोंग, विथ डाळ" असं सांगा. कोसोंग म्हणजे रिकामा, काही न भरलेला. प्रातासाठी तूप, तेल की आणखी काही वापरतात, हेही विचारून घ्या.

यावर खरा तोडगा म्हणजे चिनी बौद्ध शाकाहारी गाळे. बहुतेक मोठ्या हॉकर सेंटरांत असा एखादा गाळा असतो. पाटीवर 'सू' हे चिनी अक्षर असतं, ते निघण्याआधी फोनमध्ये चित्र म्हणून साठवून ठेवा. तिथली परंपरा कांदा-लसूणही वर्ज्य मानते, त्यामुळे जैन मंडळींनाही हे गाळे फार उपयोगी पडतात. अंडं घालतात का, तेवढं विचारा, काही जण घालतात. एक पूर्वसूचना मात्र घरच्या ज्येष्ठांना देऊन ठेवा. तिथे सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून केलेले हुबेहूब माशासारखे, बदकासारखे दिसणारे तुकडे मांडलेले असतात. सासूबाई ते बघून दारातूनच परतत होत्या. मग आम्ही तांदळाच्या शेवया, कोबी आणि टोफू एवढंच बोट दाखवून घेतलं. नंतर त्यांनी तेच तीनदा मागून खाल्लं.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक चिनी कुटुंबं शाकाहार पाळतात. आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच ते दिवस येतात. तेव्हा या गाळ्यांवर गर्दी असते. वेळेआधी जा.

या प्रकारची सगळ्यात चांगली जागा मला बुगिसजवळ सापडली. वॉटरलू स्ट्रीटवर क्वान इम देवीचं देऊळ आहे, आणि त्याला लागूनच श्रीकृष्णाचं. चिनी भाविक आधी देवीला उदबत्ती लावतात आणि मग कृष्णाच्या दारातही हात जोडतात. सासूबाई ते बराच वेळ बघत उभ्या होत्या. तिथून काही पावलांवर मिडल रोडला फॉर्च्यून सेंटर नावाची जुनी इमारत आहे, तिच्यात शाकाहारी खाणावळी एकीला लागून एक आहेत. देवदर्शन आणि जेवण, दोन्ही एका फेरीत.

भारतीय जेवणच हवं असेल तेव्हा लिटल इंडियातला सेरांगून रोड. आनंद भवन १९२४ पासूनचं, कोमला विलास १९४७ पासूनचं. थाळी, डोसा, फिल्टर कॉफी. तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. तरी रोज तिथेच जाऊ नका अशी माझी मनापासून विनंती आहे. एक वेळ भारतीय, एक वेळ तिथलं, असा मेळ आमच्या घराला मानवला.

पायरी ९ : मुलांनी हमखास खाल्लेले पदार्थ

काया टोस्ट: नारळाचं दूध, अंडं आणि साखर यांचा जॅम, त्याला पांदान पानाचा वास. आपल्याकडे भात शिजताना घालायला परसात जे सुवासिक पान लावतात, तेच हे. मुलीने वास घेऊन लगेच ओळखलं. अंडं न खाणाऱ्यांना मात्र हा चालणार नाही.

हायनान पद्धतीचा चिकन राइस: अजिबात तिखट नसतो, मिरचीची चटणी वेगळी येते. 'नो चिली' सांगायची सवय लावा, पण सुपांमध्ये पांढरी मिरपूड असते, ती या शब्दात मोडत नाही. पहिला चमचा तुम्ही चाखा.

पॉरिज: आपली पेजच. पोट बिघडलेल्या मुलाला किंवा जागरणाने शिणलेल्या आजीला याहून चांगलं काही नाही. बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवतात, शाकाहारी गाळ्यावरच घ्या.

ताऊ हुए: सोयाबीनच्या दुधाचं ऊन ऊन, मऊ, साखरेच्या पाकातलं दह्यासारखं. दात नसलेल्यांनाही जमतं.

पुतू मायाम: तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळ. माझं माहेर मालवणकडचं. पहिल्या घासाला मला आईचे शिरवाळे आठवले, फक्त नारळाचा रस तेवढा नव्हता. कुठल्याशा सकाळच्या गाळ्यावर दिसले तर सोडू नका.

साताय बरोबरच्या दाट चटणीत शेंगदाणा असतो, रोजाक म्हणजे फळं-भाज्यांचं मिश्रण, त्यातही असतो. शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल तर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी दाखवा. गोंगाटात तोंडी सांगितलेलं निसटतं.

पिण्याला नळाचं पाणी चालतं, ते सुरक्षित आहे. बाटल्या भरून निघा. चहा-कॉफीत डब्यातलं गोड आटवलेलं दूध असतं. 'सिऊ दाय' म्हटलं की गोड कमी, 'कोसोंग' म्हटलं की साखर नाही. आल्याचा चहा हवा तर 'तेह हालिया'. सासूबाईंनी हे दोनच शब्द पाठ केले आणि रोज सकाळी स्वतः जाऊन मागवू लागल्या.

पायरी १० : बिल

हॉकर सेंटरमध्ये पाटीवरचा दर तोच शेवटचा. रेस्टॉरंटच्या दरफलकावर आकड्यापुढे '++' दिसलं तर थांबा. पहिलं अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरं म्हणजे ९ टक्के कर, आणि कर सेवाशुल्कासकट रकमेवर लागतो. २० डॉलरचा पदार्थ असा जवळजवळ २४ ला पडतो. पाच जणांच्या जेवणात हा फरक मोठा होतो. वर बक्षिशी द्यायची प्रथा नाही. टेबलावर न मागता ठेवलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचे पैसे लावतात. नको असतील तर आल्या आल्या परत करा. खेकड्याचा दर वजनावर असतो, 'पूर्ण खेकडा किती डॉलरला?' असं विचारूनच हो म्हणा.

पायरी ११ : ज्या भागात फिराल, तिथली जागा आधीच ठरवा

मरिना बे आणि गार्डन्स बाय द बे बघताना बागेतच 'साताय बाय द बे' आहे, मोकळी जागा आहे, मुलं धावू शकतात. शहराच्या मध्यात लाऊ पा सात आहे, एकोणिसाव्या शतकातलं लोखंडी खांबांचं अष्टकोनी मंडईगृह. संध्याकाळी त्याच्या बाजूचा रस्ता बंद करून सातायच्या गाड्या लागतात. धूर पुष्कळ होतो, दम्याचा त्रास असलेल्यांनी आत बसावं. चायनाटाउनला मॅक्सवेल फूड सेंटर तळमजल्यावर आहे, ज्येष्ठांना सोपं.

सेंतोसाला जायच्या दिवशी बेटावर शिरण्याआधीच खा. हार्बरफ्रंट स्टेशनला लागून व्हिवोसिटी मॉलमध्ये फूड कोर्ट आहे, आणि जवळच सिआ इम हे साधं, स्वस्त हॉकर सेंटर. प्राणिसंग्रहालयाचा दिवस लांबचा, ते मंडाईत, शहराच्या उत्तर टोकाला आहे. त्या दिवशी नाश्ता भरपेट आणि पिशवीत कोरडा खाऊ. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत मात्र काही खाऊ-पिऊ नका, पाण्याचा घोटही नाही. ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. मुलाला स्टेशनात शिरण्याआधीच पाणी पाजा. धाकट्याला हे सांगून समजत नव्हतं, म्हणून स्टेशनात शिरताना बाटली मी माझ्या पिशवीच्या तळाशी टाकायचे.

लिटल इंडियात टेका सेंटर आहे, एमआरटी स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच. प्राता, डोसा, बिर्याणी, सगळं एका छपराखाली. त्याच इमारतीत मासळी आणि मटणाचा बाजार आहे, तो वास शाकाहारी माणसांना सोसत नाही. खाण्याच्या गाळ्यांच्या बाजूने आत शिरा आणि तिथूनच बाहेर पडा.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही टेकालाच गेलो. सासूबाईंनी टेबल धरलं, त्यावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलं आणि स्वतः चहाच्या गाळ्यावर गेल्या. "तेह हालिया, सिऊ दाय," त्या म्हणाल्या. गाळेवाल्याने तमिळमध्ये काहीतरी विचारलं, त्यांनी मराठीत उत्तर दिलं, आणि चहा बरोबर आला. धाकट्याने दोन प्राते साखरेबरोबर खाल्ले. तेव्हा तिथे पावणेदहा वाजले होते. त्याच्या पोटाचे सव्वासात.